झुडपी जंगल राखतोय, तीन पावसाळे झाले : अनुभव, चुका आणि दोन प्रश्न

मुरमाड · १८ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

मंडळी, राम राम.

गाव वर्धा जिल्ह्यातलं, कारंजा (घाडगे) आणि आर्वीच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण खाली गावातल्या दोन-तीन भांडणांचा विषय निघणार आहे आणि सरपंच इथे वाचतात. गावाच्या उत्तरेला चौदा हेक्टर झुडपी जंगल आहे. सगळा मुरूम, मधून एक नाला, कडेला चार मोहाची झाडं. लहानपणी आम्ही तिथे टेंभरं (तेंदूची फळं) खायला जायचो. पुण्यात सोळा वर्षं काढून परत आलो तेव्हा तिथे गुडघ्याएवढी झुडपं, तरोटा आणि नाल्याकाठी रायमुनियाची (घाणेरीची) भिंत, एवढंच दिसलं.

माझ्यासारख्या परत आलेल्या माणसाला अशी जागा दिसली की हात शिवशिवतात. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही चारशे खड्डे खणले. रोपं जी मिळाली ती घेतली : करंज, कांचन, सिसू, गुलमोहर, थोडे कडुनिंब. बॅनर लागला, नारळ फुटला, पाहुणे आले, फोटो निघाले. खड्ड्यांसाठी जागा मोकळी हवी म्हणून मीच मजूर लावून 'कचरा' साफ करून घेतला होता. विळे, कुऱ्हाडी, दोन दिवसांचं काम.

दुसऱ्या दिवशी सरपणाला निघालेली गावातली एक मावशी तिथे थांबली. तोडलेल्या फांद्यांच्या ढिगातून एक काडी उचलून तिने माझ्यासमोर धरली. म्हणाली, "हे धावडा होय ना बाप्पा. याले तोडून तुमी इथं करंजी लावता?" मला धावडा ओळखता येत नव्हता. डिंकाचे लाडू दर थंडीत खाल्लेत, पण झाड समोर उभं राहिलं तर ओळख नाही. तिने त्या ढिगातून एकेक काडी वेगळी करून दाखवली : धावडा, ऐन, तेंदू, बेल, भिर्रा, लेंडिया. ज्याला आम्ही कचरा म्हणून तोडलं ते सगळं जंगलच होतं, गुडघ्याएवढं.

मे २०२४ मध्ये चारशेतली सत्तावन्न रोपं जिवंत होती. त्यातली बहुतेक कडुनिंबाची आणि करंजाची. आणि ज्या जागेवर आम्ही कुऱ्हाड चालवली होती तिथे धावडा पुन्हा फुटलेला होता, न विचारता.

मग आम्ही सुतळी घेऊन दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखले आणि मोजायला बसलो. मावशी, मी, आणि कॉलेजातली रासेयोची (राष्ट्रीय सेवा योजनेची) पाच पोरं. पहिल्या चौकोनात जमिनीखालून फुटणारे एकतीस खुंट निघाले. दुसऱ्यात एकोणीस. नाल्याच्या बाजूला तर मोजणं सोडून दिलं. ही झाडं मेलेली नव्हती. दरवर्षी फुटत होती आणि दरवर्षी शेळीच्या तोंडी, विळ्याखाली नाहीतर वणव्यात जात होती. वरून दीड हाताचं झुडूप, खाली मुळं कदाचित माझ्या वयाची.

यानंतर वाचायला आणि विचारायला लागलो. धावड्याचं बी रोपवाटिकेत जवळजवळ उगवतच नाही, शेकड्यात एखादं उगवलं तर नशीब. तेंदूचं रोप उगवतं, पण आधी मूळ खाली पाठवतं. वरचा कोंब वर्षानुवर्षं उन्हाळ्यात वाळतो आणि पावसात पुन्हा येतो. पिशवीत ते मूळ गोल गुंडाळून बसतं. म्हणजे आपल्याकडच्या जंगलातली जी मुख्य झाडं आहेत तीच रोपवाटिकेत मिळत नाहीत, आणि जी मिळतात ती या जंगलातली नाहीत. राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४, २०१८ ला १३ आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांची मोहीम झाली. त्यात किती धावडा होता हे मी कुणाला विचारलं नाही. उत्तर ठाऊक आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात आम्ही एकही झाड लावलं नाही. गावात हसं झालं. "यंदा झाडं लावाचे पैसे आले नाई काय?" असं चहाच्या टपरीवर ऐकवलं गेलं. आम्ही फक्त राखलं. वर्गणीतून एक राखणदार ठेवला. एका खुंटाला सात-आठ फुटवे येतात, त्यातले दोन सरळ ठेवून बाकीचे मावशीच्या हाताखाली कापले. तेच सरपण. आज काही ऐन माझ्या डोक्याच्या वर गेलेत. पळस तर आधीपासूनच होता, त्याला शेळी तोंड लावत नाही. एखाद्या रानात नुसता पळसच पळस दिसला तर समजा तिथे चराई फार झाली आहे.

रायमुनियाची चूक वेगळी सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही ती कापून पेटवून दिली. मोठं समाधान वाटलं. पावसात एका बुडख्यातून दहा कोंब आले.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दहा-बाराजण जमतो, सकाळी सात ते दहा. वर्ध्याहून, नागपूरहूनही लोक येतात. खरं सांगायचं तर पहिल्यांदा येणाऱ्याला झाड लावायचं असतं. 'आज फुटवे मोजायचे आहेत' म्हटलं की चेहरा पडतो. काही पुन्हा येत नाहीत. जे येतात ते मात्र आता पान न बघता सालीवरून ऐन ओळखतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, एकदा हात फिरवला की विसरत नाही.

माझे दोन प्रश्न :

एक, गेल्या मार्चमध्ये आमचा राखलेला तुकडा पेटला. (का पेटला, ते कुणी विचारलं तर सांगीन, लाज वाटते.) यंदा काय करावं?

दोन, म्हातारी माणसं सांगतात की इथे तिवस होता, बैलगाडीच्या कामाला त्याचंच लाकूड न्यायचे. आम्हाला एकही खुंट सापडला नाही. तिवसाचं बी कुठे मिळेल?


खोडरबर · १८ जानेवारी, रात्री १०:०२

वाचनखूण साठवली. मावशींना नमस्कार.


संत्रानगरी · १८ जानेवारी, रात्री ११:१५

लेख आवडला, पण फारच संथ मामला वाटतो. आमच्या कंपनीचा सीएसआर निधी आहे आणि आम्ही मियावाकी पद्धतीचा विचार करतोय. दोन वर्षांत घनदाट जंगल उभं राहतं, मी स्वतः नागपुरात पाहिलंय. चौदा हेक्टर नाही तर निदान एक एकर करू. तयार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


मुरमाड · १९ जानेवारी, सकाळी ६:५०

निधीबद्दल आभार, खरोखर. पण पद्धतीबद्दल स्पष्ट बोलतो.

अकिरा मियावाकींनी ती पद्धत जपानमध्ये बसवली. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं, खाली भरपूर खत-माती, दोन-तीन वर्षं पाणी. शहरात, डांबराच्या मधे, शाळेच्या कोपऱ्यात ती चालेल, मी विरोध करत नाही. आमचं रान शुष्क पानझडीचं आहे. इथे झाडांमधे अंतर असतं, मधे ऊन पडतं, त्या उन्हात गवत वाढतं, गवतावर ढोरं आणि हरणं. मार्चमध्ये हे जंगल बोडकं दिसतं आणि ते बोडकंच दिसायला पाहिजे. एका एकराला टँकर घालून हिरवंगार दाट ठेवलं तर फोटो चांगला येईल, पण ते आमचं रान नसेल. शिवाय मुरुमात जेसीबी घालून माती उलटली की खालचे खुंट गेले. म्हणजे २०२३ ची माझीच चूक, फक्त मोठ्या यंत्राने.

कंपनीला खर्च करायचाच असेल तर राखणदाराचा तीन वर्षांचा पगार द्या. फलक लावता येणार नाही त्यावर, ही अडचण समजतो.


बारमाही · १९ जानेवारी, सकाळी ९:२०

"फलक लावता येणार नाही" 😄 पॉपकॉर्न घेऊन बसलो.


मामातलाव · १९ जानेवारी, दुपारी १:३०

मी भंडाऱ्याकडचा. झुडपी या शब्दाबद्दल थोडं लिहितो, कारण पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना तो रानाचा प्रकार वाटतो. हा महसुली शब्द आहे. जुन्या मध्यप्रांताच्या दप्तरात गावाच्या वापराची, निस्ताराची, चराईची जी हलकी जमीन होती तिच्यापुढे 'झुडपी जंगल' लिहिलं गेलं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. वऱ्हाडात अशाच गावठी जमिनीला ई-क्लास म्हणतात, तिचा कायदा वेगळा.

कित्येक वर्षं या जमिनीचा तिढा होता. महसूल म्हणे आमची, वनखातं म्हणे जंगल. मधल्या मधे बसस्टँड, शाळा, घरं, स्मशानं, सगळं त्यावर उभं राहिलं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच धरायचं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्यांना रीतसर वाटप झालं त्यांना सांभाळून घेण्याची वाट ठेवली. तीन हेक्टरपेक्षा लहान आणि जंगलाला न लागलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करण्याचाही विषय त्यात आहे. निकाल लिहिणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचेच, त्यामुळे 'झुडपी' म्हणजे काय हे त्यांना वकिलांनी समजावून सांगावं लागलं नसेल.

मुरमाड यांना सांगायचं ते एवढंच : तुमचे चौदा हेक्टर आता कायद्याने वन आहेत. चर खणणं, तार कुंपण, असं काहीही करण्याआधी ग्रामसभेचा ठराव आणि वनखात्याचं लेखी पत्र, दोन्ही हातात ठेवा. मनात चांगलं होतं म्हणून कागद सुटत नाही.

आणि रोपांच्या यादीचं म्हणाल तर ती गावांच्या पाट्यांवर लिहिलेली आहे. पळसगाव, मोहगाव, हिवरा, खैरी, कोसंबी, बेलगाव, सालईमेंढा, अंजनगाव. गुलमोहरगाव ऐकलंय कुणी?


खोडरबर · १९ जानेवारी, दुपारी १:४४

तिवसा राहिलं! अमरावती जिल्ह्यातला अख्खा तालुका. तिवसाचं बी तिवशात शोधा की राव.


गवळाऊ · १९ जानेवारी, रात्री ८:१०

मुरमाडभाऊ, लेख चांगला लिहिला. पण एक गोष्ट सांगा, राखलं म्हंता ते कोनापासून? आमच्याचपासून ना?

मी नंदगवळ्याच्या घरचा. आमचं गाव तुमच्यापासून लांब नाई. आर्वी-कारंजाची गवळाऊ गाय साऱ्या देशात नावाजली, थे काय गोठ्यात सरकी-ढेप खाऊन नावाजली काय? रानात चरून नावाजली. माह्या आज्याच्या काळापासून आमची ढोरं ह्याच रानात चरते. तवा रान होतं अन् ढोरंबी होते. रान खलास झालं थे ट्रक भरभरून लाकूड गेलं तवा. आमच्या गाई ट्रक चालवत होत्या काय? आता कोनी पुन्याहून येते, बोर्ड लावते, राखनदार ठेवते, अन् गवळ्याच्या पोराले सांगते का इकडून नको जाऊ. गाई इकून टाकाव्या काय सांगा.

लेखात 'शेळीच्या तोंडी' असं लिवलं. शेळी वेगळी, गाय वेगळी. थे तरी नीट लिवा.


मुरमाड · १९ जानेवारी, रात्री १०:३०

भाऊ, तुमचं बरोबर आहे आणि मार्चची आग का लागली त्याचं उत्तरही त्यातच आहे. लाज वाटते म्हटलं होतं ते हेच.

२०२४ ला आम्ही सगळे चौदा हेक्टर बंद केले. पूर्ण चराईबंदी. गवळ्यांना न विचारता ठराव घेतला. त्यांनी काय केलं? रात्री ढोरं घातली, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही घातली असती. मग राखणदाराशी हाणामारीची वेळ आली. दिवाळीनंतर सगळे थकले आणि ढोरं खरोखर बंद झाली. आम्ही खूश.

पण ढोरं नाहीत आणि गवतही कुणी कापलं नाही, त्यामुळे पवन्या आणि कुसळ कमरेएवढं वाढून वाळलं. फेब्रुवारीत तो तुकडा म्हणजे उभी गंजी होती. बाजूच्या उघड्या रानात गवतच नव्हतं. मार्चमध्ये कुणीतरी मोहाखालचा पालापाचोळा जाळला, वारा आला, उघडं रान तसंच राहिलं आणि आमचं 'राखलेलं' तीन तासांत गेलं. धावडा पुन्हा फुटला, ऐनही. पण बेहड्याची, चाराची (चारोळीची) बीपासून आलेली कोवळी रोपं पार गेली.

त्यानंतर मी गवळीवाड्यात जाऊन बसलो. पहिल्या दिवशी पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आता असं ठरलंय : रानाचे तीन भाग. एक बंद, जोवर फुटवे गाईच्या तोंडाच्या वर जात नाहीत तोवर. दोन उघडे, पण दसऱ्यानंतर. बंद भागातलं गवत गवळ्यांनी फुकट कापून न्यायचं, डोक्यावर नेता येईल तेवढं, रोज. यंदा ते गवत बहुतेक कापून झालंय. शेळ्यांचा प्रश्न सुटलेला नाही, कारण शेळ्या ज्यांच्या आहेत त्यांच्याकडे जमीन नाही आणि सांगायचं तोंड मला नाही.

'शेळी' आणि 'गाय' वेगळं लिहायला हवं होतं. मान्य.


गवळाऊ · १९ जानेवारी, रात्री १०:५५

गवत कापून रायले ना मग? बरं. पुढच्या खेपेस आधी इचारजा.


तणमोर · २० जानेवारी, सकाळी ७:३०

गवताचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. मी अकोला-वाशीम भागात पक्षी बघत फिरतो. 'मूळचं जंगल परत आणू' म्हणणारे लोक कधीकधी मूळच्या माळावर झाडं लावून येतात. विदर्भात सगळीकडे जंगल नव्हतं. अस्सल गवताळ रानंही होती. वरोऱ्याच्या बाजूला माळढोक होता तो काय सागाच्या बनात राहत होता? आमच्या भागात फासेपारधी समाजातल्या माणसांनी तणमोरासाठी गवताळ रानं राखली आहेत, पक्षी कुठे अंडी घालतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. अशा जागेवर वृक्षारोपण करणं म्हणजे त्या पाखराचं घर मोडणं.

मुरमाड यांचा खुंट मोजण्याचा मार्ग मला म्हणून आवडला. जमीन काय होती ते जमिनीलाच विचारलं. माझा नियम सरळ आहे : चौकोनात खुंट निघाले तर राखा. खुंट नाहीत, गवताची विविधता चांगली आहे, तर हात लावू नका. खुंटही नाहीत आणि नुसता तरोटा आणि गाजरगवत असेल, तेव्हाच बी टाकायचा विचार करा.

तुमच्या चौदा हेक्टरमध्ये खुंट नसलेला भाग किती?


मुरमाड · २० जानेवारी, सकाळी ८:०५

वरचा कपाळपट्टा, अंदाजे दोन हेक्टर. तिथे पातळ मुरूम, खाली पाषाण, आणि शेडा-कुसळ गवत. तिथे पुढच्या वर्षी हिवर पेरायचा विचार होता. रद्द करतो.


जुनाबीटगार्ड · २० जानेवारी, दुपारी ४:००

सेवानिवृत्त वनरक्षक. नोकरी मेळघाटात आणि नंतर नागपूर वनवृत्तात. मुलगा टाइप करून देत आहे.

आगीबद्दल. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. म्हणजे तुमच्या हाती महिना राहिला. जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) पेटवून तयार करण्याचं काम वनखात्याचं, तुम्ही काडी ओढायची नाही. वन झालं आहे ना ते आता? मग गुन्हा दाखल होईल, तोही तुमच्यावर. तुम्ही करायचं ते असं : बंद भागाच्या कडेने चार-पाच मीटरचा पट्टा खरडून मातीपर्यंत मोकळा करा. पानगळ सुरू झाली की तो पट्टा दर आठ दिवसांनी झाडावा लागतो, एकदा झाडून भागत नाही. साग सगळ्यात जास्त त्रास देतो, पान मोठं आणि वाऱ्याने लांब जातं. पाला झाडून बंद भागाच्या आत ढकलू नका, बाहेर न्या. हे सांगावं लागतं, हसू नका.

आग आपोआप लागत नाही. आमच्या चाळीस वर्षांत वीज पडून लागलेली एक आठवते. बाकी मोह, तेंदू, बिडी आणि सूड. मोहवाल्या बायकांशी आताच बोला, मार्चमध्ये नाही. फूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. जुन्या साड्या शिवून झाडाखाली अंथरल्या तर फूलही स्वच्छ मिळतं. साड्या तुम्ही पुरवा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहावरून आगीची सूचना मोबाइलवर येते, त्यात नाव नोंदवा. पण उपग्रहाआधी गवळ्याचं पोरगं बघतं, त्याचा नंबर जवळ ठेवा.

रायमुनिया. कापली तर फुटते, जाळली तर जास्त फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी एक पद्धत बसवली, ती आम्ही वापरली. बुंध्याशी कुदळीने माती बाजूला करा, जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली खोड संपून मूळ सुरू होतं तिथे मुख्य मुळावर घाव घाला. वरचं सगळं जाळं उचलून उलटं ठेवा, मूळ आभाळाकडे. वाळून जातं. खालच्या मुळातून फुटत नाही, कारण फुटण्याचा सांधा तुम्ही वर काढला. माती ओली असताना, फळ धरायच्या आधी करा. पुढची दोन वर्षं बीपासून आलेली रोपं हाताने उपटा, विशेषतः मोठ्या झाडांखाली, तिथे बुलबुल बसून बी टाकतात. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच पवन्याचं किंवा मारवेलचं बी टाका. जागा रिकामी ठेवली की रानतुळस येते आणि मग तिला रडा.

आणखी एक. तुमचा भाग बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जवळ आहे. नाल्याकाठच्या रायमुनियात वाघ बसतो. सात वाजता दहा शहरी माणसं घेऊन तिथे शिरू नका. ऊन वर येऊ द्या, आधी गावातला माणूस फिरून येऊ द्या, वाकून काम करताना एकाने उभं राहायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही.


बारमाही · २० जानेवारी, दुपारी ४:२६

शेवटचा परिच्छेद वाचून पॉपकॉर्न बाजूला ठेवले.


संत्रानगरी · २० जानेवारी, संध्याकाळी ६:४०

साड्यांचं आम्ही बघतो. ऑफिसात गोळा करायला सांगितलंय. (यावर फलक नको 🙂)


पळसफूल · २० जानेवारी, रात्री ९:१५

सगळा धागा वाचला. मी गडचिरोलीत काम करते. मला दोन गोष्टी खटकल्या, त्या मांडते.

पहिली. इथे 'आम्ही राखलं', 'आम्ही ठरवलं' फार आहे. तो आम्ही कोण? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं ते स्वयंसेवकांच्या रविवारवर नाही. तिथे सर्वसहमतीशिवाय निर्णय होत नाही, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क त्यांनी मिळवला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर मिळालं. तिथल्या ग्रामसभेने बांबूतून रोजगार उभा केला आणि तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून बंद केलं, कारण त्यासाठी छाटणी आणि आगी होतात. हातातला पैसा सोडला त्यांनी. हे बाहेरच्या माणसाने सांगून होत नाही. तुमच्याकडच्या अचलपूर तालुक्यातलं पायविहीरही बघा, १९२ हेक्टर उजाड रान, आता तिथल्या सीताफळांवर गाव पैसे कमावतं. तुम्ही सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे का? नसेल तर उद्या नवा सरपंच, नवा अधिकारी, आणि तुमचा राखणदार घरी.

दुसरी. त्या मावशी. सगळ्या धाग्यात त्यांना नमस्कार मिळाला, पण त्या बंद भागातून सरपण आणायच्या ना? आता कुठून आणतात?


मुरमाड · २१ जानेवारी, सकाळी ६:३०

पहिल्याचं उत्तर : दावा केलेला नाही. ग्रामसभेत दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा गणसंख्या भरली नाही. तिसऱ्यांदा काढतो. तुमच्याकडे नमुना अर्ज असेल तर पाठवा.

दुसऱ्याचं उत्तर रात्री देता आलं नाही म्हणून सकाळी मावशीलाच जाऊन विचारलं. फुटवे कापतो तेव्हा मिळतं ते तीन-चार आठवडे पुरतं. बाकीच्या दिवसांत ती आता नाल्यापलीकडच्या रानात जाते, दीड-दोन किलोमीटर जास्त. तिच्यासोबत आणखी सहा-सात बायका. गॅस आहे, पण सिलिंडर भरायला पैसे लागतात. मी विचारलं, मग आधी काऊन नाही सांगितलं? म्हणाली, "तुमी इचारलं कुठी?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा हेच ऐकतोय.

बंद भागात वाळलेलं, पडलेलं लाकूड उचलायला मनाई नव्हतीच, पण राखणदार हाकलत होता. आज त्याला सांगितलं. हे उत्तर पुरेसं नाही हे मला कळतं. रायमुनियाच्या वाळक्या काड्या जळणाला चालतात का, कुणाला अनुभव?


मामातलाव · २१ जानेवारी, सकाळी ११:००

चालतात. भुरभुर जळतात, धूर करतात, पण चालतात. आमच्याकडे बायका नेतात. उलट्या वाळत ठेवलेल्या जाळ्या त्यांनाच न्यायला सांगा, दोन्ही कामं होतील.

बियांचं एक सांगून ठेवतो, कारण जूनमध्ये विसराल. मोहाची टोरी (बी) पडली की पंधरा दिवसांत पेरा, जुनी उगवत नाही. कडुनिंबाचंही तसंच. बहाव्याचं बी दगडासारखं असतं, टोकाला घासून किंवा गरम पाण्यात टाकून मगच पेरा. सालई आणि मोई बीच्या मागे लागूच नका, पावसाच्या आधी मनगटाएवढ्या फांद्या रोवा, लागतात. साग लावू नका, तो तुमच्या परवानगीची वाट बघत नाही.


वायगावहळद · २१ जानेवारी, रात्री ९:५०

मी फक्त वाचक, पहिल्यांदाच लिहितोय. तिवसाबद्दल.

माझं आजोळ तिवसा तालुक्यातच आहे. खोडरबर यांचा प्रतिसाद वाचून मामाला फोन केला. तो आधी हसला, म्हणाला तिवशात तिवस कुठं राहिला. मग अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. शेताच्या वरच्या धुऱ्यावर (बांधावर) एक झाड आहे, आजोबा त्याला तिवस म्हणायचे. तीन-तीन पानं एकत्र येतात, बेलासारखी पण मोठी. फेब्रुवारीच्या शेवटी फिकट गुलाबी फुलं येतात, तेव्हा पान नसतं. फोटो मागवलाय.

अडचण एकच. धुऱ्याचा वाद आहे शेजाऱ्याशी, मोजणी मार्चमध्ये आहे, आणि शेजारी म्हणतो झाड त्याच्या बाजूला निघालं तर तोडीन.


मुरमाड · २१ जानेवारी, रात्री १०:०४

शेंगा मेमध्ये पिकतात. मोजणीची तारीख कळवा. मी येतो, गवळाऊभाऊंनाही विचारतो, त्यांच्याकडे गाडी आहे. शेजाऱ्याचं नाव-गाव इथे नको, व्यनि करा.


गवळाऊ · २१ जानेवारी, रात्री १०:२०

येतो. डिझेल तुमचं.